उत्तर बरोबर, पण कळलं काय?

नववीत इंग्रजीच्या बाईंनी एकदा फळ्यावर लिहिलं, ‘द ग्रोम्बल्स प्लिंक्ड द वेफ.’ खाली प्रश्न, ‘हू प्लिंक्ड द वेफ?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘द ग्रोम्बल्स!’ मग बाईंनी विचारलं, ‘ग्रोम्बल म्हणजे काय?’ वर्ग चिडीचूप. ते शब्द बाईंनी मनानेच रचले होते.

उताऱ्यावरचे प्रश्न आम्ही असेच सोडवायचो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. गुणही मिळायचे, म्हणून तर ती सवय सुटत नव्हती. बाईंनी ती मोडायचा चंगच बांधला.

उतारा देण्याआधी त्या नुसतं शीर्षक सांगत. आत काय असेल ते आम्ही ओळखायचं. अनोळखी शब्द आला की लगेच शब्दकोश उघडायचा नाही, पेन्सिलीने खूण करून पुढे वाचायचं. बऱ्याच खुणा दोन-तीन ओळींत आपोआप सुटत.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते बाण. ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ दिसलं की ते कशाबद्दल आहे ते शोधून तिथपर्यंत मागे बाण काढायचा. ऐकायला बाळबोध वाटेल. पण ‘धिस’ कधी कधी आधीच्या अख्ख्या परिच्छेदाबद्दल असतं, आणि तिथे बाण कुठे न्यावा हेच सुचायचं नाही. आपल्याला नेमकं कुठे कळलेलं नाही, ते अशा वेळी कागदावरच दिसायचं. ‘हाउएव्हर’ आणि ‘अनलेस’भोवती चौकोन करायचा, कारण ते नजरेतून निसटले की वाक्याचा अर्थ पार उलटा लागतो.

पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवू लागलो, तेव्हा ॲनमेरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन यांचं १९८४ सालचं संशोधन वाचलं. ज्यांना वाचता येतं पण अर्थ लागत नाही, अशा सातवीच्या मुलांसोबत त्यांनी काम केलं होतं. पुढचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडणं आणि सारांश सांगणं या चार गोष्टी आधी शिक्षक करून दाखवणार, मग मुलं आळीपाळीने शिक्षकाची जागा घेणार. वाचताना पानोपानी बाई आठवत होत्या.

बाई आधी खालच्या इयत्तेचे उतारे देत. हुशार मुलांना तो कमीपणा वाटे. पण मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. दर ओळीत तीन शब्द अडत असतील, तर बिचाऱ्या मुलाने अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा? वाचनाच्या युक्त्या शिकवताना आपण शिक्षक हे फार सहज विसरतो, आणि मुलाला इंग्रजी जमत नाही असा शिक्का मारून मोकळे होतो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

माझ्या वर्गात उताऱ्याखालचे छापील प्रश्न मी झाकून ठेवतो. प्रश्न मुलांनी काढायचे. सुरुवातीला ‘कोण’ आणि ‘कुठे’ यांच्यापुढे गाडी सरकत नाही. ‘का’ उमटायला बरेच आठवडे जातात. तो आला की त्या दिवशी दुसरा उतारा घेत नाही, तास त्याच प्रश्नावर घालवतो.