उलटी हातगाडी

परवा दुपारी गंगापूर रोडवर आमच्या बेडरूममध्ये जाडे पडदे ओढून जरा आडवी झाले होते. पडद्याला एक भोक पडलंय, मसुराएवढं. डोळा लागणार तेवढ्यात समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. बघते तर वॉचमनकाकांची निळी खुर्ची, पाय वर, आणि तिच्यात काका उलटे बसलेत. फिकट, पण रंगासकट.

झोप गेलीच.

जुन्या नाशकात आजोळचा वाडा होता. माडीवर दाराची फळी चिरलेली आणि दुपारी सगळी पोरं सक्तीने झोपवलेली. मी छताकडे, भिंतीकडे बघत पडायचे. बाहेरून भंगारवाला ओरडत जायचा, आवाज रविवार कारंजाकडे आणि भिंतीवरची हातगाडी मात्र गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे, तीही चाकं वर करून! मी आजीला हलवून म्हटलं, अगं, लोक उलटे चाललेत. ती डोळे न उघडता म्हणाली, "तूच उलटी निजली असशील." मी खरंच उठून उशी दुसऱ्या बाजूला घेऊन बघितलं. फरक नाही. मग म्हणाली, "गंगेवरच्या दुतोंड्या मारुतीला विचार, त्याला दोन्हीकडचं दिसतं." संध्याकाळी गेल्यावर मी मनातल्या मनात विचारलं पण.

पुढे आठवीत कधीतरी सरांनी फळ्यावर दोन रेघा मारल्या. उजेड सरळ जातो, वरचा किरण भोकातून खाली, खालचा वर, डावीकडचा उजवीकडे, विषय संपला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणून गेलाय की माणसं तत्त्वज्ञानाकडे वळली ती आश्चर्यापोटी, आधी हाताजवळच्या कोड्यांनी, मग चंद्रसूर्य, तारे, मग हे सगळं विश्व आलं कुठून. इथपर्यंत ठीक. पण पुढे तो असंही म्हणतो की कारण कळलं की आश्चर्य सरतं, मग उलट तसं झालं नाही तरच नवल वाटतं. हे मला काही पटत नाही बुवा, एवढा मोठा माणूस असला तरी. कारण त्याच वर्षी डोळ्याचा धडा आला आणि कळलं की डोळ्यातही आत पडद्यावर सगळं उलटंच पडतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्येच ते लिहून ठेवलंय. म्हणजे वाड्यातली भिंत मी डोक्यात घेऊनच फिरत होते! मग ही हातगाडी सुलटी दिसते ती कुणाला, आणि आत बसून बघणारं ते कोण? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येणार नाही.

हे सगळं मी नवऱ्याला चहा पिताना सांगितलं, त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, पडदा शिवायला टाक की.

दोर्‍याचं रीळ काढून ठेवलंय. पण दुपारी दोनच्या सुमारास भाजीवाली येते, तिची टोपली उलटी असून एक टोमॅटो खाली पडत नाही.