टक्का न देता चाललेले माग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टेरी टॉवेलचा कारखाना वडिलांनी जुने माग घेऊन उभा केला. जोडीला आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मामा. नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडणार ते मामा ओळखायचे. वडिलांचा हिशेब आणि मामांचा कान, हेच आमचं भांडवल. नंतरची बरीच वर्षं बरी गेली.

मग सरकारी रुग्णालयाची ऑर्डर मिळाली, 450 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या, टॉवेलची. माल पास झाला आणि बिल अडकलं. खरेदी विभागातल्या साहेबांनी दहा टक्के मागितले. ते दहा टक्के कुठून काढतात हे टेरीवाल्यांना सांगायला नको. पाइल बीमचं, म्हणजे टॉवेलवरचे लूप ज्यातून होतात ते, सूत वाचवायचं, म्हणजे लूप बुटका करायचा आणि फिनिशिंगला खळ वाढवून वजन दाखवायचं. पहिल्या धुण्यातच टॉवेलचं फडकं होतं. ते पेशंटच्या अंगाला लागणार, साहेबांच्या नाही.

मी 1064 वर फोन केला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी केली. मग नोटांना अँथ्रासिन पावडर लावली, ती अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकते. सापळा लागला, साहेब सापडले.

त्यानंतर मात्र आमचं नाव निघालं की टेंडरच्या टेबलावर माणसं गप्प बसू लागली. कुठे नमुना नापास, कुठे कागद अपुरा. माग बंद पडत गेले, सूतवाल्यांनी उधारी थांबवली, कामगारांचा पगार घरातलं सोनं गहाण ठेवून केला. आमच्याच भागातला एक कारखानदार त्या ऑर्डरी घेत राहिला. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाखाली त्याने काय विकलं ते मी हातात धरून पाहिलंय. चौकात मला ‘हरिश्चंद्र’ म्हणून हाक मारायचा. ते मी विसरलेलो नाही.

तगलो ते पंढरपूरच्या एका मठाच्या काकांमुळे. काका आधी टॉवेल धुऊन वाळवायला लावतात, मग जीएसएम कटरने गोल चकती कापून काट्यावर ठेवतात. चकतीचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर, म्हणून 450 जीएसएमला साडेचार ग्रॅम भरायलाच हवेत. आषाढीचा सगळा माल त्यांनी आगाऊ पैसे देऊन उचलला. तेवढ्यावर सूत आलं आणि माग फिरले.

नव्या पोरांना सांगतो, सरकारी खरेदीत न धुतलेल्या टॉवेलचं वजन मान्य करू नका. धुतल्यानंतरचं वजन करारात लिहून घ्या, लिहीत नसतील तर ऑर्डर सोडा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवलं तरच बचाव आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आजच करा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात बिलाला जास्तीत जास्त 45 दिवस आहेत, पुढे चक्रवाढ व्याज लागतं. ते मागायला लाजू नका, तो आपला हक्काचा पैसा आहे.

साहेबांचा खटला अजून चालू आहे, तारखेला मी स्वतः जातो. त्या कारखानदाराच्या मालाचा तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागितलाय. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील दाखल केलंय.