कोरी की दुधाची?

गणपतीला गावी पोचलो की घरात बॅग टाकायची, आंघोळ करून देवाला हात जोडायचे आणि सरळ वरच्या घरच्या काकीकडे जायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. आमचं गाव मालवणजवळ. कुडाळला ट्रेनमधून उतरेपर्यंत कागदी कपातला चहा दोनदा झालेला असतो, पण तो मी धरतच नाही, कारण वर्षभर डोंबिवलीत ज्या चवीची आठवण येते ती काकीच्या चुलीवरच्या कोऱ्या चायीची.

कोरी म्हणजे बिनदुधाची. लहानपणी आमच्या घरची चाय हीच, सकाळी भाकरी नाहीतर घावणे तिच्यात बुडवून खाल्ले की शाळेत जायला मोकळे. दूध असायचंच कुठे एवढं! आमच्याकडची गाय म्हणजे अंगाने लहान, डोंगर चढणारी, आता तिला कोकण कपिला म्हणून वेगळी जात अशी मान्यता मिळाली आहे, पण दूध दिवसाला दोनेक लिटर, त्यात वासराचा वाटा, घरातल्या बारक्या पोराचा वाटा, विरजणाला थोडं, आणि राहिलंच तर ते पाहुण्याच्या चहासाठी झाकून ठेवलेलं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

काकी चाय करते ते बघत बसावं असं असतं. न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं तिथे पातीचं बेट आहे, पात म्हणजे गवती चहा, तिला ते पाणी भारी मानवतं. विळ्याने चार-पाच पाती कापायच्या (कडा धारदार असतात, जपून, माझी बोटं कापलीयत), धुवून त्यांची गाठ मारायची आणि अख्खी जुडी आधणात सोडायची, म्हणजे नंतर चिमट्याने उचलून टाकता येते. पाणी हिरवट पिवळं झालं आणि लिंबासारखा वास घरभर सुटला की मग ठेचलेलं आलं, मग गूळ, आणि पावडर सगळ्यात शेवटी, झाकण ठेवून चुलीवरून खाली. पावडर खळाखळा उकळली की कोरी कडू होते, दुधाच्या चहात ते खपून जातं, कोऱ्यात अजिबात नाही.

गुळाचंही तसंच. गुळात थोडी आंबटाई असते त्यामुळे उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटतं, म्हणून दुधाच्या चहात तो खाली उतरवल्यावर घालावा लागतो. कोऱ्या चायीत ही भानगडच नाही, तिचं न् गुळाचं पहिल्यापासून जमतं.

बाकी हा चहा आपल्याकडे काही फार जुना नाही. इंग्रजांना आसामात चहाचं झाड कळलं 1823 च्या सुमारास, पण पुढे कितीतरी वर्षं माल सगळा विलायतेला जायचा, आपल्या लोकांना सवय लागावी म्हणून मळेवाल्यांनी विसाव्या शतकात फुकट चहा वाटून जाहिरात केली. आणि 1930 नंतर सीटीसीची मशीनं आली, पानं चिरडून बारीक दाणे करणारी, त्या दाण्यांचा रंग पटकन आणि दाट उतरतो, चिमूटभरात टोपभर चाय होते, म्हणून गरिबाच्या घरातही तो परवडायला लागला. पात मात्र आपली परसातली. बाहेरून आलेल्या पावडरीला आपल्या बायकांनी आपली चव दिली याचं मला खूप कौतुक वाटतं.

गणपतीत रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरतात, तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ, पाव आणि मोठ्या टोपातली चाय. दोन वाजता घसा बसलेला बुवा बशीत ओतून फुरका मारतो न् पुढच्या घरात परत तसाच वरच्या पट्टीत गातो.

तर गेल्या वर्षी काकीकडे गेलो आणि तिने दुधाचा चहा पुढे ठेवला. पिशवीतलं दूध, वेलची, साखर, नवा कप, बशीत दोन खारी. चहा चांगला होता, मी प्यायलो, पण घशाशी काहीतरी आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला पाहुण्याचा चहा दिला होता. आता खूप घरांत असंच झालंय, कोरी द्यायची लोकांना लाज वाटते, मुंबईवाल्यांसमोर तर जास्तच.

या वर्षी पडवीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "काकी, माका कोरीच दी."

"अरे, दूध आसा मा घरात. पावण्याक कोरी देतत काय?"

"मी पावणो काय?"

ती काहीच बोलली नाही. डोक्यावर इरलं घेतलं, कोपऱ्यातला विळा उचलला आणि भर पावसात न्हाणीच्या मागे पात कापायला गेली.