कान्हेरीच्या वाटेवरचं गणगोत

जुलैतली ओली सकाळ. बोरिवली पूर्वेला उतरून नॅशनल पार्कात शिरलो, कान्हेरी लेण्यांच्या बसची रांग सोडली आणि सरळ चालायला लागलो. सोबत बुरशींवर पीएच.डी. करणारी मैत्रीण होती. नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, ती तिच्याकडे होती.

रस्त्याकडेला बांबूच्या कुजक्या पाल्यात तिने बोट दाखवलं. अर्थस्टार नावाची बुरशी! बाहेरची जाड साल चांदणीसारखी उलगडलेली, मध्ये पातळ सालीचा गोळा, त्याच्या टोकाला बारीक भोक. वरून थेंब पडला की भोकातून तपकिरी भुकटी फुस्सकन उडायची. ते बीजाणू. मी किती वेळ उकिडवा बसून होतो कोण जाणे.

“पफबॉलचा, त्या चेंडूसारख्या गोल बुरशीचा, भाऊ ना हा?”

“दिसायला तसाच. पण जवळचं नातं नाही.”

पफबॉल, अर्थस्टार, स्क्लेरोडर्मा ही तशीच गोळ्यासारखी बुरशी, सगळ्यांचे बीजाणू पोटात तयार होतात, म्हणून पूर्वी त्यांना एकाच गटात घालत. डीएनएने तो गट पार मोडला. पफबॉल निघाला आपल्या भाजीतल्या बटण मशरूमच्या कुळातला. स्क्लेरोडर्मा गेला टोपीखाली छिद्रं असणाऱ्या बोलीटसांकडे. आणि अर्थस्टार? घाण वासाने माश्या बोलावणाऱ्या स्टिंकहॉर्नच्या गोतात. म्हणजे बीजाणू पोटात ठेवायची सोय वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे झाली. हे ऐकून मी अक्षरशः हरखलो.

तिने चिमूटभर तुकडा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत टाकला. प्रयोगशाळेत त्यातल्या डीएनएचा आयटीएस हा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाचायचा. 2012 मध्ये बुरशींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून हाच भाग सुचवला गेला. तो भराभर बदलतो, त्यामुळे जवळच्या जाती वेगळ्या ओळखता येतात. दूरची नाती मात्र त्यातून नीट उमगत नाहीत. त्यासाठी एलएसयू, आरपीबी2 असे डीएनएचे सावकाश बदलणारे भाग वाचावे लागतात. एकाच भागावर विसंबून कुळ ठरवणं मलाही घाईचं वाटतं.

पुढे वारुळावर पांढऱ्या अळंब्या दाटीने उगवल्या होत्या. वाळवी ही बुरशी जमिनीखाली पोसते आणि खाते. ही शेती एकदाच, आफ्रिकेत सुरू झाली आणि तिथून आशियात पसरली, हेही डीएनएवरूनच कळलं. बोरिवलीच्या जंगलातल्या वारुळावर आफ्रिकेतून आलेली शेती!

लेण्यांशी पोचेपर्यंत दुपार टळली होती. चैत्यगृह तेवढं पाहून घेतलं. उरलेल्या लेण्यांसाठी परत यायचंच आहे, पण तेही पावसाळ्यातच, आणि बस न पकडता.