तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठ्या का बंद केल्या

भेटणारा जवळजवळ प्रत्येक माजी विद्यार्थी चहा येण्याआधीच विचारतो, ‘सर, शनिवारच्या वादसभेत चिठ्ठ्या टाकून बाजू देणं का बंद केलंत?’ ‘घाबरलात का?’ हा उपप्रश्न काही जण सभ्यपणाने गिळतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ज्याला फक्त आपलीच बाजू माहीत असते त्याला तीही फारशी माहीत नसते, हे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचे म्हणणे वर्गात शिकवता शिकवता माझ्या अंगात भिनले होते. खडूच्या रिकाम्या खोक्यातून चिठ्ठी उचलायची आणि येईल ती बाजू जीव ओतून मांडायची, हा नियम त्यातूनच आला. संघटनांमधली मुले त्यापायी विरोधकांची पुस्तके वाचू लागली, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

2019 च्या जानेवारीत 103 वी घटनादुरुस्ती होऊन आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के आरक्षणाची तरतूद झाली, तेव्हा मी विषय ठेवला: ‘आरक्षणाचा निकष जात नव्हे, उत्पन्न असावा.’ अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीला ‘अनुकूल’ची चिठ्ठी आली. तिने ती दोनदा उलगडून पाहिली, टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘सर, बदलून मिळेल?’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर दिले, ‘नियम सगळ्यांना सारखा.’ त्या वाक्याचे मला तेव्हा कौतुकच वाटले होते. ती सात मिनिटे बोलली आणि त्या दिवशी तिच्याइतके चांगले कोणीच बोलले नाही. टाळ्या थांबताच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बघा, हिलाच पटलंय!’ हशा पिकला. मी घंटा वाजवून पुढचे नाव पुकारले. त्यानंतर ती सभेला आली नाही. परीक्षेच्या अर्जावर सही घ्यायला आली तेव्हा मी कारण विचारले, तर म्हणाली, ‘होस्टेलवर अजून ऐकवतात, सर. तूच तर म्हणाली होतीस.’

तो टोमणा मी मारला नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे. पण घंटा माझ्याच हातात होती. इतरांना जो व्यायाम होता, ती तिची कबुली ठरली, असे मी आज त्या वेळच्या मला सुनावतो. तो उलट विचारतो, ‘मग जात पाहून तिला चिठ्ठी बदलून दिली असती, तर तो अपमान झाला नसता?’ याला माझ्यापाशी उत्तर नाही. आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढली गेली, हा दाखला मी मुलांना धीर यावा म्हणून देत असे. आगरकरांनी आपली बाजू स्वतः निवडली होती, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आता बाजू ज्याची त्याने निवडायची असते. परिणामी जो तो घरून आणलेलेच बोलतो आणि कधी कधी एका बाजूला कोणी उभेच राहत नाही. गेल्या शनिवारी मीच खुर्ची सोडून त्या बाजूने बोललो. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकानेही प्रश्न विचारला नाही.