कोरडं जाळं

ती बोट मी जाऊ दिली.

गेल्या वर्षीच्या ‘सागर कवच’ या किनारा-सुरक्षेच्या सरावातली गोष्ट. पहाटे साडेचारला जेटीच्या टोकाला मी आणि किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या दलातला एक पोरगा टॉर्च घेऊन बसलो होतो. भरती लागली होती. खाडीच्या तोंडातून एक बोट आत आली. नंबर आपल्याच बाजूचा, सुकाणूवर ओळखीचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याने हात केला, मीही हात केला. पाव तासाने त्याच बोटीतून, बर्फाच्या खोक्यांआडून, चार माणसं उतरली आणि डिझेलच्या टाकीला ‘बॉम्ब’ असं लिहिलेला पुठ्ठ्याचा खोका टेकवून निघून गेली. सरावात हल्लेखोर झालेले ते पोलीस होते. खरे असते तर जेटी राहिली नसती, आणि जेटीला लागून ज्यांची घरं आहेत तेही राहिले नसते.

बावीस वर्षं मी या खाडीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. अंधारात नुसत्या आवाजावरून बोट कुणाची ते सांगतो. त्या ओळखीच्या भरवशावरच मी फसलो. घरी येऊन चहा घेताना आठवलं की टॉर्चचा झोत त्या बोटीवरच्या जाळ्यावर पडला होता आणि जाळं कोरडं होतं. पहाटे धंदा करून येणाऱ्या बोटीचं जाळं ओलं असतं, त्यातून पाणी गळत असतं, मासळीचा वास आधी येतो आणि बोट मागून. हे सगळं मला दिसलं होतं. मी ते बघितलं नाही.

‘कुबेर’चं नेमकं हेच झालं. 2008 च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची ही मासेमारी बोट भर समुद्रात पकडली. खलाशांना मारलं, वाट दाखवायला तांडेलाला जिवंत ठेवलं आणि मुंबई जवळ आल्यावर त्यालाही मारलं. बोट भारतातली, नंबर भारतातला. लांबून बघणाऱ्याला ती आपलीच वाटणार. पुढे रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले, 26 तारखेच्या रात्री. पाठीवर जड पिशव्या घेतलेली ही तरणी पोरं बघून तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं. उडवाउडवीची उत्तरं देऊन ती शहरात शिरली. त्यानंतर 166 माणसं गेली. हटकणारी माणसं त्या किनाऱ्यावर होती, पण त्यांचा शब्द तेवढ्याच वेळात पुढे न्यायची वाट तयार नव्हती. आमचं दल, सराव, खलाशांची ओळखपत्रं, बोट सुटताना जेटीवर होणारी नोंद, हे सगळं ती वाट तयार करण्यासाठी आहे. ओळखपत्रं मागितली की चिडणाऱ्या बोटमालकांना मी दरवेळी कुबेरच्या खलाशांची आठवण देतो. ते आपल्यासारखेच पोटासाठी समुद्रात गेले होते.

माझा तालुका श्रीवर्धन. 1993 च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला जो चोरटा माल उतरला, तो याच तालुक्यात. शेखाडीच्या मालात आरडीएक्स होतं. 12 मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि 257 माणसं मेली. मी तेव्हा सातवीत होतो. त्या काळात रात्री गाड्यांचे आवाज आले की आजी म्हणायची, “चांदी आली असंल, झोप गप.” घड्याळं, ट्रान्झिस्टर, सोनं, मग चांदी, असं सगळं या किनाऱ्यावर उतरत होतं आणि गावोगाव ठाऊक होतं. ओझं वाहणाऱ्याला एका रात्रीत महिन्याची मजुरी मिळायची. आजीला मी दोष देत नाही. बाई होती, एकटी होती, आणि तक्रार करायची कुणाकडे? गोंडघर फाट्यावर पोलिसांनी माल अडवला तो लाच ठरवून सोडून देण्यासाठी, हे न्यायालयात सिद्ध झालं. कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले.

परदेशी दहशतवाद वेगळा आणि देशातला वेगळा, असं भाषणांत सांगतात. तपासाला आणि कायद्याला ती विभागणी लागत असेल. आमच्या किनाऱ्यावर मात्र कट बाहेर शिजला आणि वाट इथल्या माणसांनी दिली. ज्या वाटेने चांदी गेली त्याच वाटेने आरडीएक्स गेलं. खोक्यात काय आहे हे विचारायची सवय तोवर सगळ्यांचीच मोडली होती. म्हणून आज डिझेलची चोरटी विक्री करणाऱ्याला “जाऊ दे, पोट आहे त्याचं” असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वाट कुणासाठीही उघडी ठेवली तर ती सगळ्यांसाठीच उघडी राहते.

18 ऑगस्ट 2022 चा दिवस या भागात कुणी विसरणार नाही. गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि आत तीन एके-47 बंदुका नि काडतुसं सापडली. तासाभरात नाकाबंदी. बोट ऑस्ट्रेलियातल्या एका बाईच्या मालकीची होती. जूनमध्ये ओमानच्या बाजूला तिचं इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं गेलं आणि सोडून दिलेली बोट पावसाळी समुद्राने वाहत आमच्याकडे आणली, हे त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं. इंजिनवाला म्हणून मला ते लगेच पटलं. पण सरकारी खुलासा पोचायच्या आधी फोटो पोचले होते, आणि फोटोंसोबत “दहा जण उतरलेत” हा मेसेजही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कापड विकणाऱ्या एकाला पोरांनी अडवलं. मालेगावचा माणूस, साठीचा, मोटारसायकलला लुंग्या आणि साड्यांची गाठोडी बांधलेली. वर्षातून दोनदा येतो. त्या दिवशी मात्र पंचवीस जण त्याच्याभोवती, गाठोडी रस्त्यावर सोडलेली, एकाच्या हातात हॉकी स्टिक. मी दुकानातून धावत गेलो. “चाचा, इकडे या,” म्हणून त्यांचा हात धरला आणि माझ्या वर्कशॉपमध्ये आणून बसवलं. पोलीस येईपर्यंत दोन तास ते इंजिनच्या रिकाम्या खोक्यावर बसून होते. पाणी दिलं तर ग्लास हातात थरथरत होता.

पोलिसांनी कागद बघितले, सोडलं. रात्री निघताना ते म्हणाले, “आमच्याकडे शब-ए-बरातला कब्रस्तानात स्फोट झाला तेव्हा मी आत होतो. नंतर पकडले तेही आमच्यातलेच.” तो 8 सप्टेंबर 2006 चा स्फोट. तीसहून जास्त माणसं गेली. पकडलेल्या नऊ मुसलमान तरुणांची नावं 2016 मध्ये न्यायालयाने खटल्यातून वगळली. तोवर त्यातला एक जण हयातही नव्हता. चाचा गेल्यावर ती गाठोडी सोडणाऱ्या पोरांपैकी दोघांना मी समोर बसवलं आणि विचारलं, तुम्ही त्या माणसात नेमकं काय बघितलंत? दाढी. बाकी काही नाही. गाडीचा नंबर नाही, गाठोड्याचं वजन नाही, कुठून आला नि कुठे चालला ते नाही. तेवढ्या वेळात खरोखर कुणी खाडीतून आत आलं असतं तर गावातला एकही माणूस जेटीवर नव्हता, सगळे रस्त्यावर होते.

आता दलाच्या नव्या पोरांना मी बोट बघायला शिकवतो, माणसाचं नाव नाही. जाळं ओलं आहे का? खोक्यात बर्फ आहे का? खलाशी किती, आणि ओळखपत्रं किती? खलाशाला दोर बांधता येतो का? (नेपाळचा पोरगा एका हंगामात अशी गाठ मारतो की बघत राहावं, म्हणजे मराठी येत नाही हा काही संशय नव्हे.) समुद्रातून आलेल्याच्या पायात कोरडे बूट आणि पाठीवर भरलेली सॅक कशाला? शंका आली तर जवळ जायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. लांबून नंबर, दिशा, वेळ टिपायची आणि 1093 किंवा 112 लावायचा. बेवारस पिशवीला हात लावायचा नाही, तिच्यापासून लोकांना लांब न्यायचं. एक स्फोट झाला तर बघायला धावायचं नाही, कारण दुसरा गर्दीसाठी ठेवलेला असू शकतो. आणि मेसेज पुढे पाठवायचा नाही. पोरांना हेच सगळ्यात जड जातं.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने घडवून आणली. आमच्यापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. गोळी लागो, स्फोट होवो, माणूस रक्त जाऊन आधी मरतो. मागच्या पावसाळ्यात, मासेमारी बंदीच्या महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असताना, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंना जेटीवर बोलावलं. त्यांनी आमच्या चाळीस माणसांना जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी दाबायला शिकवलं, अंगाचा भार देऊन, मधे उचलून न बघता. कापड भिजलं तर त्यावर दुसरं. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर चार बोटं पट्टा आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. सप्टेंबरात आमच्याच एका खलाशाची मांडी बोटीच्या पंख्याने फाटली. बोटीवरच्या दोघांनी टॉवेल टाकून जेटीला लागेपर्यंत पाऊण तास दाबून धरलं. पोरगा वाचला, आता पुन्हा बोटीवर जातो.

काल रात्री माझी पाळी होती. साडेअकराला तोच ओळखीचा तांडेल आला, ज्याला मी सरावात हात केला होता. मी टॉर्च आधी जाळ्यावर मारला. पाणी गळत होतं. तरी बोट लावायला सांगितली, सहा जणांची कार्डं बघितली, वहीत नंबर आणि वेळ लिहिली. तो काही बोलला नाही. जाताना दोन पापलेटं जेटीच्या कठड्यावर ठेवून गेला.