तुम्ही विचारलंत म्हणून: माकडातल्या एडीए मोजायच्या कशाला?

मानवी अँटिबॉडी-औषध सुरक्षित आहे का, हे आधी माकडांवर तपासतात; पण ते माकडाला परकंच. त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होणारच. शिवाय माणसात काय होईल, हे त्यावरून सांगता येत नाही. मग या औषधविरोधी अँटिबॉडी, म्हणजे एडीए, मोजायच्या कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की त्या माकडाच्या अंगात औषध खरोखर होतं का, हे कळायला.

चौथ्या आठवड्यात काही माकडांच्या रक्तातलं औषध एकदम घसरलं आणि दुष्परिणाम काहीच दिसला नाही, तर तेवढ्यावरून तो डोस सुरक्षित ठरत नाही; अंगात औषधच नव्हतं. उलट इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे औषध आणि एडीए यांचे गुंते, साचून मूत्रपिंडाला झालेली इजा औषधाच्या माथी मारली, तर चांगलं औषध उगाच बाद होतं. म्हणून आयसीएच एस६ या जैविक औषधांच्या सुरक्षा-चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची २०११ची पुरवणी रक्ताचे नमुने जपून ठेवायला सांगते. रक्तातली पातळी किंवा परिणाम अनपेक्षित बदलला, किंवा प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया दिसली, तर ते तपासायचे.

नमुना पहिल्या डोसआधी घ्यायचाच. पुढचे दर वेळी डोसच्या अगदी आधी, कारण तेव्हा रक्तात औषध सर्वांत कमी असतं. शेवटचा नमुना रिकव्हरी काळ, म्हणजे डोस थांबवल्यानंतरचा काळ, संपताना.

मोजण्याची नेहमीची पद्धत ब्रिजिंगची, म्हणजे पूल बांधण्याची. अँटिबॉडीला दोन हात. एका हातात बायोटिन लावलेलं औषध, दुसऱ्यात प्रकाश देणारं रुथेनियम लावलेलं. बायोटिनला पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या प्लेटवर हा पूल अडकला की प्रकाश मिळतो. लेबलिंगनंतर सुटं बायोटिन नीट काढलं नाही, तर तेच प्लेटवरच्या जागा अडवतं. लेबल जास्त झालं, तर एडीए जिथे चिकटायची तो भागच झाकला जातो.

खरी डोकेदुखी रक्तातल्या औषधाची. माकडांना डोस मोठे, त्यामुळे एडीए आधीच औषधाला चिकटलेली असते. ती सोडवायला सीरम साधारण ३०० मिलिमोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये पातळ करून ठेवतात, मग ट्रिस या अल्कधर्मी द्रावणाने ॲसिड मारतात. ट्रिस आणि लेबल लावलेलं औषध एकत्रच घाला. आधी नुसतं ट्रिस घातलं, तर रक्तातलं औषध पुन्हा एडीएला पकडतं आणि सगळी खटपट वाया जाते. ॲसिड टार्गेटही, म्हणजे औषध शरीरात ज्याला चिकटतं तो रेणूही, मोकळं करतं; ते जोडीनं असलं, तर तेही पूल बांधतं आणि खोटं पॉझिटिव्ह देतं.

कट पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर नमुना पॉझिटिव्ह धरायचा तो आकडा, औषध न दिलेल्या माकडांच्या सीरमवरून ठरवतात. वितरण सामान्य असेल, तर सरासरीत प्रमाण विचलनाची २.३३ पट मिळवली की सुमारे १ टक्का खोटे पॉझिटिव्ह येतात. माणसातल्या चाचण्यांत स्क्रीनिंगला ५ टक्के चालवून घेतात, कारण पुढे खातरजमेची पायरी असते. प्राण्यांत ती बहुधा गाळतात. आमच्या मते त्यात गैर काही नाही.

संवेदनशीलतेचा आकडा मात्र जपून वाचा. तो पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे चाचणी पारखायला वापरलेल्या ओळखीच्या एडीएचा असतो, आणि तो कंट्रोल बहुधा सशातून काढून शुद्ध केलेला असतो. माकडाची एडीए त्याहून सैल चिकटत असेल, तर प्रत्यक्षात चाचणी तेवढी तीक्ष्ण नसते.

आणि नमुन्यातलं औषध चाचणीच्या सहनशक्तीपेक्षा, म्हणजे जेवढं औषध असूनही ती एडीए ओळखू शकते त्याहून, जास्त असताना उत्तर निगेटिव्ह आलं, तर अहवालात ‘निगेटिव्ह’ लिहू नका; ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहा.